तेरा पट्ट्यांची साखळी

आखातातल्या आमच्या वादी अदाईच्या घरात दिवसाचा पहिला आवाज पहाटेच्या अजानचा आणि दुसरा आईच्या भाकरीचा. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या लहानशा स्वयंपाकघरात, मागच्या खिडकीतून दिसणाऱ्या उघड्या तपकिरी डोंगराकडे तोंड करून, आई ज्वारीच्या भाकरी थापायची. रुवीत एका दुकानात ज्वारीचं पीठ मिळायचं. ते अकोल्यासारखं नाही, असं ती दर वेळी म्हणायची आणि दर वेळी दोन पिशव्या आणायची. भाकरी, लसणाचा ठेचा, कधी सुकट, कधी कोरडं बेसन असा डबा भरून झाला की ती हात धुवायची, हॉलमधल्या बुद्धमूर्तीसमोर क्षणभर उभी राहायची आणि गाडीची किल्ली उचलायची. बाबा आठवडाभर सोहारला असायचे, तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात. त्यामुळे सुट्टीचे दिवस सोडले तर घरात आम्ही दोघीच.

आई अझैब्यात एका दुकानात नोकरीला होती. पुढे काचेचं दालन, तिथे वाळूत चालवायच्या क्वाड बाईक आणि समुद्रावरच्या जेट स्की मांडलेल्या, मागे वर्कशॉप, आणि दोन्हींच्या मध्ये आईचं काउंटर, जिथे सुटे भाग मिळायचे. ती मेकॅनिकलची डिप्लोमा इंजिनियर. विमानतळ तेव्हा जुनाच होता, जवळ होता, आणि विमान उतरताना काउंटरची काच बारीक थरथरायची. नवं गिऱ्हाईक यायचं, आईकडे बघायचं आणि विचारायचं, ‘मुदीर कुठे आहे?’ म्हणजे मॅनेजर. आई म्हणायची, ‘काय हवंय ते सांगा.’ जे सांगत ते पुन्हा तिच्याकडेच येत. वर्कशॉपमध्ये सगळे तिला मदाम शीला म्हणत. तिकडच्या अरबीत ‘शीला’ म्हणजे ‘हे उचल’, असं मला फार उशिरा कळलं. काही जड वस्तू हलवताना तिचं नाव ऐकू आलं की आई मान वर करायची आणि सगळे हसायचे, तीही.

मी त्या वर्षी घरी होते. बारावी झाली होती, मार्क चांगले होते, पण मेडिकलला पुरतील इतके नव्हते. मी डॉक्टर व्हावं असं बाबांना मनापासून वाटे, म्हणून एक वर्ष थांबून परीक्षा पुन्हा द्यायची असं ठरलं होतं. बाबांचा आग्रह कडक नव्हता, मायेचा होता, आणि म्हणूनच त्याला नाही म्हणणं अवघड होतं. आईला इतकी वर्षं काउंटरवर जे ऐकून घ्यावं लागलं ते त्यांनी पाहिलं होतं. डॉक्टरबाईला कोणी ‘मुदीर कुठे’ विचारत नाही, एवढंच ते एकदा बोलले होते. मी सकाळी जीवशास्त्राची पुस्तकं घेऊन बसायचे आणि दुपारी कंटाळून आईला फोन करायचे. शेवटी ऑक्टोबरात आई म्हणाली, दुपारी दुकानात येऊन बस, तिथे एसी चांगला आहे. अर्बाबची, म्हणजे मालकाची, हरकत नव्हती. मी पुस्तकं घेऊन जायचे. ती पिशवीतून बाहेर यायची नाहीत, ही गोष्ट आई बघायची आणि बोलायची नाही.

त्याच महिन्यात सलीमची गाडी आली. छोट्या ट्रकच्या मागे ताडपत्रीखाली काहीतरी लांबट, टोकदार. ताडपत्री निघाली तेव्हा वर्कशॉपमधले सगळे बाहेर आले. पुढे दोन फळ्या, स्कीसारख्या. मागे रणगाड्याला असतो तसा रबराचा रुंद पट्टा. मध्ये मोटरसायकलसारखी बैठक. बर्फावर चालवायची गाडी, स्नोमोबाइल. ऑक्टोबरातल्या त्या उन्हात तिच्याकडे बघूनच हसू येत होतं. पण सलीम हसत नव्हता.

तो तिशीचा, सरकारी नोकरीतला शांत माणूस. कॅनडात शिकायला असताना गोठलेल्या तळ्यांवर ही गाडी त्याने चालवली होती, आणि परत येताना सामानाबरोबर जहाजाने आणली होती. बिदियाच्या वाळूच्या डोंगरांवर ती चढते का, हे त्याला बघायचं होतं. बर्फ या गाडीला गार ठेवतो. तो नाही म्हणून त्याने जादा रेडिएटर बसवला होता, पट्ट्याखाली छोटी चाकं लावली होती. गाडी चढायची, म्हणाला. गेल्या हिवाळ्यात त्याचा धाकटा भाऊ हमद ती घेऊन एका उंच उतारावर गेला, अर्ध्यावर आतली साखळी तुटली आणि गाडी उलटी, मागच्या मागे घसरत खाली आली. हमदने ब्रेक दाबला होता. ब्रेक लागला नाही. त्याच्या मांडीचं हाड मोडलं. आता तो पुन्हा नीट चालत होता, पण त्यांच्या आईने सांगितलं होतं की या घरातलं कोणी त्या गाडीवर बसणार नाही.

‘ब्रेक लागणारच नव्हता,’ आई म्हणाली. तिने मला जवळ बोलावलं आणि गाडीच्या उजव्या बाजूची ॲल्युमिनियमची पेटी दाखवली. तिच्यात तेल असतं आणि दोन स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाकं. वरचं लहान, त्याला इंजिन फिरवतं. खालचं मोठं, ते रबरी पट्टा फिरवतं. दोघांना जोडणारी ती साखळी. ब्रेक वरच्या दांड्यावर. साखळी तुटली की वरचा ब्रेक कितीही घट्ट धरा, खालचा पट्टा मोकळाच. माझं मराठी तेव्हा अडखळत असे. शाळेत सगळं इंग्रजी, मैत्रिणींशीही इंग्रजीच. पण आईने यंत्र समजावलं की ते मराठीतच समजावलेलं असायचं. आजही एखादी जोडणी अवघड वाटली की मी ती मनात आधी मराठीत सोडवते.

सलीमला योग्य मापाची साखळी आणि स्प्रॉकेट हवी होती, बस. आधीची साखळी त्याने गाडीच्या मॉडेलचं नाव बघून परदेशातून मागवली होती, फक्त कड्या किती ते पेटीत मोजून कळवलं होतं. तुटलेले तुकडे त्याने एका डब्यात जपून आणले होते. ही सायकलसारखी साखळी नसते. बारीक दात असलेल्या पोलादी पट्ट्या एकीला एक चिकटून रांगेने बसवलेल्या असतात. ती फिरताना आवाज जवळजवळ नसतो. अशी साखळी ओळखायला तीन गोष्टी लागतात: एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर, रुंदीत किती पट्ट्या आहेत ते, आणि लांबीत एकूण किती कड्या. आईने व्हर्नियर लावून तुकडा मोजला. रुंदीत अकरा पट्ट्या. मग तिने मला रॉकेल, ब्रश आणि दोन्ही स्प्रॉकेट दिली आणि स्वच्छ करायला सांगितलं, कारण दुसरं गिऱ्हाईक आलं होतं.

मी वर्कशॉपच्या दारात पालथ्या क्रेटवर बसून ती घासली. काळं तेल निघालं तशी खाली पोलाद दिसायला लागलं. खालचं मोठं स्प्रॉकेट उन्हात धरून फिरवलं, तर दात चकचकीत होते, पण सगळे नाही. म्हणजे प्रत्येक दात चकचकीत होता, पण पूर्ण रुंदीत नाही. एका कडेला प्रत्येक दातावर एक मंद, करडी पट्टी राहिली होती, घासूनही न जाणारी. मी पुन्हा रॉकेल लावलं. पट्टी तशीच. ती घाण नव्हती. तिथे साखळी कधी लागलीच नव्हती.

आई काउंटरवर होती. मी तिच्यासमोर स्प्रॉकेट ठेवलं आणि त्या पट्टीवर नख फिरवलं. तिने व्हर्नियर माझ्या हातात दिला. मी दाताची रुंदी मोजली, मग साखळीची. दोन्हींत फरक होता तो बरोबर दोन पट्ट्यांचा.

‘मग काय झालं असेल?’ तिने विचारलं.

‘स्प्रॉकेट तेरा पट्ट्यांच्या साखळीचं आहे. त्याच्यावर अकराची बसवली, तिला एवढी ओढ झेपली नाही.’

‘आणि मी आता काय मागवणार होते?’

उत्तरही तिनेच दिलं. ‘अकराचीच. तुटलेल्या साखळीवरून नवी मागवणार होते.’ हे ती अगदी सहज म्हणाली, दुसऱ्या कोणाबद्दल बोलावं तसं, आणि कॉम्प्युटरवरची अर्धी भरलेली ऑर्डर पुसून टाकली.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. सलीम दोन दिवसांनी आला तेव्हा आईने त्याला सांगितलं की मॉडेलच्या नावावर जाता येणार नाही. त्या नावाला कंपनीच्या यादीत अकरा पट्ट्यांची आखूड साखळी होती, पण त्याच्या गाडीची पेटी त्या मॉडेलची नव्हतीच. आधीच्या मालकाने कधीतरी दुसऱ्या, मोठ्या गाडीची पेटी बसवलेली होती. पेटीच्या आतल्या बाजूला ओतीव अक्षरांत दुसराच नंबर होता. सलीमने ती गाडी जुनी घेतली होती. त्याने त्या नंबरावरून बोट फिरवलं. मग त्याने आईला विचारलं, आता माप कोण काढणार. आईने माझ्याकडे हात केला. मी दचकले. सलीमने मान डोलावली, जणू त्यात विशेष काही नव्हतं, आणि गाडी माझ्या ताब्यात दिली.

बर्फावर त्या गाडीला वर एकवीस आणि खाली एक्केचाळीस दातांची स्प्रॉकेट होती. वाळू बर्फासारखी निसटत नाही, धरून ठेवते. तिथे वेग कमी आणि ओढ जास्त हवी. म्हणजे वरचं लहान करायचं, खालचं मोठं. आई म्हणाली, वरचे जितके दात कमी करशील तितके खाली वाढव, म्हणजे साखळीची लांबी जवळजवळ तीच राहील. मी एकोणीस आणि त्रेचाळीस धरले. दोन दांड्यांच्या मध्यातलं अंतर मोजलं, सूत्रात घातलं, आणि चौऱ्याहत्तर कड्या आल्या. यादी सत्तर म्हणत होती. मी पुन्हा मोजलं. मग सुतळी घेतली, दोन्ही दांड्यांवर त्या मापाच्या पुठ्ठ्याच्या चकत्या लावल्या, सुतळी गुंडाळली, ताणून कापली आणि पट्टीवर धरली. सुतळी चौऱ्याहत्तरच्या अगदी जवळ. दांड्यावर बसणाऱ्या आतल्या खाचाही मोजून घ्यायच्या असतात, नाहीतर दात बरोबर येऊनही चाक दांड्यावर चढत नाही. हे आईने सांगितलं नव्हतं, मला ते रात्री जेवताना सुचलं, आणि मी घास हातात धरून तिला विचारलं तेव्हा ती नुसती हसली आणि माझ्या ताटात अजून एक भाकरी टाकली.

बाबा सुट्टीला आले की मी बोलायचे ते या गाडीबद्दलच. ते ऐकायचे. एकदा त्यांनी विचारलं, वनस्पतीशास्त्र कुठवर आलं. मी खरं सांगितलं. ते उठून गॅलरीत गेले आणि अमरातच्या चढावर जाणाऱ्या गाड्यांचे दिवे बघत उभे राहिले. आई त्यांच्यासाठी चहा घेऊन गेली. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण चहा संपेपर्यंत दोघं तिथेच होती.

भाग आले, बसले. तेरा पट्ट्यांची साखळी स्प्रॉकेटवर चढवली तेव्हा दातांच्या कडेशी तिची कड जुळली, एकही करडी पट्टी उरली नाही. ताण बघितला, तेल भरलं. पट्टा हवेत उचलून इंजिन सुरू केलं. पेटीतून येत होती ती फक्त एक बारीक, एकसारखी गुणगुण.

सलीमने जानेवारीत बिदियाला बोलावलं, तिघांनाही. त्याचं कुटुंब हिवाळ्यात तिथे तंबू टाकून राहायचं. आम्ही पोचलो तेव्हा सकाळची वाळू पायाला गार लागत होती. गालिच्यावर कहवा होता, खजूर, हलवा, आणि केळीच्या पानांत बांधून खड्ड्यात भाजलेलं मटण, ज्याचा वास मला आजही कुठेही ओळखू येतो. सलीमची आई, उम्म सलीम, मधोमध बसली होती. बारीक चणीची बाई, चेहऱ्यावर कसली घाई नाही. हमद तिच्या शेजारी. त्याची चाल किंचित ओढल्यासारखी होती. माझं नाव प्रज्ञा, पण अरबीत ‘प’ नाही. तिने दोनदा प्रयत्न केला आणि मग ‘बराग्या’ ठरवून टाकलं.

मागेच तो उतार होता. दुरून वाटला त्यापेक्षा फार उंच. खाली गाडी उभी होती. पुरुष मंडळी तिच्याभोवती फिरत होती, पण तंबूतून परवानगी आल्याशिवाय कोणी हात लावत नव्हतं. कहव्याची दुसरी फेरी झाली आणि उम्म सलीमने कप खाली ठेवून आईकडे बघत काहीतरी विचारलं. सलीमने ते इंग्रजीत सांगायला जरा वेळ घेतला. ती विचारत होती, तू हे यंत्र दुरुस्त केलंस. तुझ्या मुलीला त्याच्यावर बसवशील का.

बाबांनी कप खाली ठेवला. ‘अगं,’ ते आईला हळूच म्हणाले, ‘याची काही गरज नाही. त्यांचं ते बघतील.’

आई त्यांना म्हणाली, ‘मी नाही दुरुस्त केलं. हिने केलंय. तिलाच विचारा.’ आणि तेच तिने सलीमला सांगितलं. सगळे माझ्याकडे वळले.

या क्षणाबद्दल मला पुढे अनेकदा विचारलं गेलंय, मुलाखतींत, माझ्या विद्यार्थ्यांकडून, माझ्या लेकीकडून. धाडस वगैरे काही नव्हतं त्यात. मी मनात पुन्हा एकदा सगळं मोजलं, रुंदी, दात, खाचा, कड्या, आणि कुठेच अडखळले नाही. मी म्हणाले, ‘हो, बसते.’

सलीम पुढे, मी मागे. त्याने गाडी सपाटीवर वळवली आणि मग नाक उताराकडे केलं. सुरुवातीला नुसता वारा आणि मागे उडणारी वाळू. मग चढ उभा झाला, वेग तुटायला लागला, इंजिनचा आवाज जड झाला आणि मी मागे सरकत असल्यासारखं वाटलं. हमद इथेच कुठेतरी खाली आला होता. माझा उजवा गुडघा त्या पेटीच्या जवळ होता. मी डोळे मिटले आणि सगळ्या आवाजांतून तिचाच आवाज शोधला. तो होता. बारीक, एकसारखा, इंजिन कितीही ओरडलं तरी न बदलणारा. सलीमने आणखी जोर दिला. पट्टा वाळूत रुतला, सुटला, पुन्हा धरला, आणि एकाएकी पुढे काही उरलं नाही, फक्त आकाश. आम्ही माथ्यावर होतो. खाली तंबू हातरुमालाएवढे दिसत होते आणि त्यांच्यापलीकडे नुसते लाटांसारखे वाळूचे डोंगर.

उतरताना सलीमने अर्ध्यावर मुद्दाम ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. मग त्याने ब्रेक पुन्हा सोडला, आणि आम्ही खाली आलो.

उम्म सलीम तंबूबाहेर येऊन उभी होती. तिने मला विचारलं, मोडक्या हिंदीत, डर लगा क्या. मी म्हटलं, उताराची वाटली, गाडीची नाही. सलीमने ते अरबीत सांगितल्यावर ती हसली, माझ्या खांद्यावरची वाळू झटकली आणि मग हमदकडे न बघताच त्याला एक शब्द म्हणाली. ‘रूह.’ जा. हमद उठला, आणि त्याची ती ओढती चाल गाडीपर्यंत जाताना कोणीच बघितली नाही, कारण सगळे त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते.

तो वर गेला, खाली आला, पुन्हा गेला. इंजिन बंद झालं तेव्हा ऊन चढलं होतं आणि जेवणाची ताटं येत होती. बाबा ताटाकडे न जाता गाडीकडे गेले. गुडघे टेकून बसले, पेटीवर तळहात ठेवला आणि काही वेळ तसाच ठेवला, तापलेलं मशीन तपासताना ते कारखान्यात ठेवत असतील तसा. आई त्यांच्या मागे उभी होती. पण त्यांनी मान वळवली ती माझ्याकडे.

‘याचं तेल कधी बदलायचं?’ त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ‘पहिलं आजच काढून बघायला हवं, बाबा. त्यात धातूचा चुरा असेल तर साखळी कुठेतरी घासतेय.’

त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. हमदने हलव्याचा रिकामा डबा आणला, मी खालचा नट सोडला आणि तेल सोनेरी धारेने डब्यात उतरलं. बाबांनी त्यात बोट बुडवलं, अंगठ्याने चोळलं, उन्हात धरून नीट बघितलं. मग पुन्हा एकदा चोळलं. आणि चुऱ्याचा एक कणही नसलेली ती दोन स्वच्छ बोटं त्यांनी आईसमोर धरली.